पुस्तकांचे भुंगेरे मारायला डीप फ्रीझर. पण नुसतं बटण दाबून भागत नाही

गणपती उठले, पितृपंधरवडा लागला की तालुक्यातल्या गावोगावच्या वाचनालयांत कपाटं उघडायला घेतात. चार महिने ओल धरलेली दारं कुरकुरत उघडतात आणि खालच्या फळीवर बारीक पिठासारखा भुगा पडलेला दिसतो. वरचं पुस्तक हातात घ्यावं तर पुठ्ठ्याला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं. उघडावं तर पहिल्या पानापासून शंभराव्या पानापर्यंत आरपार गेलेला बोगदा.

बऱ्याच ठिकाणी याला सरसकट ‘कसर लागली’ म्हणतात. खरी कसर म्हणजे चंदेरी, माशासारखी सुळकन पळणारी. ती कागद वरून कुरतडते, बांधणीतली खळ खाते. बोगदे पाडणारा प्राणी वेगळा. तो दोन-तीन मिलिमीटरचा तांबूस भुंगेरा असतो. हळदीच्या, मिरचीच्या, तंबाखूच्या पोत्यात सापडतो त्याच्याच जातकुळीतला, कित्येकदा तोच. त्याची मादी पुस्तकाच्या पाठीजवळ, खळीच्या आसऱ्यानं अंडी घालते. अळी बाहेर पडली की कागद आणि खळ खात आत शिरते आणि पुढचे कित्येक आठवडे आतच राहते. आपल्याला भोक दिसतं ते भुंगेरा बाहेर पडल्यावर. म्हणजे भोक दिसलं तेव्हा एक पिढी जेवून उठलेली असते आणि दुसरी बहुधा पानावर बसलेली असते.

नवी कादंबरी खाल्ली गेली तर दुसरी प्रत विकत आणता येते. पण गावच्या वाचनालयात असं बरंच काही असतं जे पुन्हा मिळत नाही. कुणा शिक्षकानं स्वखर्चानं छापलेला गावाचा इतिहास, पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मासिकांचे बांधीव अंक, साखर कारखान्याच्या सुरुवातीच्या काळातल्या स्मरणिका, देवस्थानची जुनी छापील माहितीपत्रकं. यांच्या प्रती मुंबई-पुण्याच्या मोठ्या ग्रंथालयातही असतीलच असं नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली चालणारी अकरा-बारा हजार वाचनालयं आहेत. त्यातली बहुतेक लहान, एका ग्रंथपालावर चाललेली. अशा एखाद्या कपाटात एखाद्या पुस्तकाची शेवटची प्रत असू शकते, आणि त्या भुंगेऱ्याला ते माहीत नसतं.

पाला, गोळ्या आणि ऊन

जुने उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत. पोथ्या लाल कापडाच्या बासनात बांधून त्यात वेखंडाची पूड टाकायची, कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवायचा, अश्विनात पुस्तकांना ऊन दाखवायचं. हे उपाय वाईट नाहीत. वासानं कीड येणं कमी होतं, ओल निघते. पण पाठीच्या आत, खळीत बसलेल्या अळीपर्यंत ना वेखंड पोचतं ना ऊन. उलट कडक उन्हात वारंवार ठेवलेला कागद पिवळा पडतो आणि तडकतो.

डांबरगोळ्यांचंही तसंच. वास येतो, म्हणून काहीतरी होतंय असं वाटतं.

सगळ्यात धोक्याचा प्रकार म्हणजे धान्याच्या कोठीत टाकायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या पुस्तकांच्या कपाटात ठेवणं. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू निघतो. बंद खोलीत माणूस दगावू शकतो. वाचनालय ही दहा-बारा वर्षांची पोरं येऊन बसण्याची जागा आहे. तिथं हा प्रयोग कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणावं.

थंडीनं कीड कशी मरते

पुस्तकं गोठवून कीड मारायची पद्धत आता जगभर रुळली आहे. तिचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयाचं. तिथल्या दुर्मिळ पुस्तकांत १९७७ मध्ये कागद पोखरणारे भुंगेरे सापडले. विषारी धुरीऐवजी पुस्तकं प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद करून उणे २९ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवण्यात आली. अशी हजारो पुस्तकं त्या फ्रीझरमधून गेली. कागदाला काही झालं नाही, कीड मेली. पुढे त्या ग्रंथालयानं नवं येणारं प्रत्येक पुस्तक आधी गोठवायचं आणि मगच फळीवर ठेवायचं असा शिरस्ता ठेवला. गावच्या वाचनालयानं उचलण्यासारखी गोष्ट ही दुसरी आहे. तिच्याकडे पुढे येऊच.

किड्याच्या शरीरात पाणी असतं. ते झटकन गोठलं की पेशी फाटतात. मात्र थंडी हळूहळू वाढली तर बऱ्याच किडी तिच्याशी जुळवून घेतात. शरीरातलं पाणी कमी करतात, ग्लिसरॉलसारखी द्रव्यं तयार करतात आणि गोठण्यापासून वाचतात. म्हणून या कामात किती थंड याच्याइतकंच किती लवकर थंड यालाही महत्त्व आहे. पुस्तकाच्या आतलं तापमान पहिल्या काही तासांत शून्याखाली आणि एका दिवसाच्या आत उणे २० पर्यंत जायला हवं. तिथं पोचल्यावर सात दिवस. फ्रीझर उणे ३० पर्यंत जाणारा असेल तर तीन दिवस पुरतात. उणे १८ च्या पुढे जातच नसेल तर दोन आठवडे ठेवावं. अंडी सगळ्यात चिवट असतात, ही मुदत त्यांच्यासाठी असते. दोन दिवसांत अळ्या मेलेल्या दिसल्या म्हणून पिशवी काढली तर अंडी जिवंत राहतात आणि दिवाळीनंतर पुन्हा भुगा पडतो.

घरच्या फ्रिजचा वरचा बर्फाचा कप्पा या कामाचा नाही. दार दिवसातून वीसदा उघडतं आणि तापमान वरखाली होत राहतं. आइस्क्रीमच्या दुकानातला, वर सरकत्या काचा असलेला फ्रीझरही नको. काचेतून थंडी जाते.

फ्रीझर घेताना

पाहिजे तो साधा, आडवा, पेटीसारखा, वरून जाड झाकण उघडणारा डीप फ्रीझर. थंड हवा जड असते. झाकण वर असलं की ती पेटीतच बसून राहते, उभ्या दाराच्या फ्रीझरमधून ती पायावर ओतली जाते. वीज गेल्यावरही आडवा फ्रीझर जास्त वेळ तग धरतो. ३०० लिटरचा असा फ्रीझर पंचवीस-तीस हजार रुपयांच्या घरात येतो.

आपल्याकडे विकले जाणारे बरेच डीप फ्रीझर ‘कन्व्हर्टिबल’ असतात. एका बटणावर तो फ्रीझर, दुसऱ्यावर नुसता कूलर. दूध आणि थंड पेयं ठेवणाऱ्यांसाठी ही सोय असते. कूलरवर आतलं तापमान शून्याच्या वर, दोन ते आठ अंश राहतं. तेवढ्या गारव्यात भुंगेरा मरत नाही, फक्त सुस्तावतो. झाडलोट करताना कुणाचा हात लागून ते बटण सरकलं तर आठवडाभराची मेहनत फुकट जाते. बटणावर चिकटपट्टी मारून ठेवलेली बरी.

‘फ्रॉस्ट फ्री’ म्हणजे बर्फ साचू न देणारे फ्रीझर सोयीचे वाटतात. त्यांच्यात ठरावीक वेळानं एक हीटर चालू होऊन साचलेला बर्फ वितळवतो, म्हणजे मधूनमधून आत थोडी ऊब येते. पुस्तक नीट पिशवीत असेल तर चालून जातं. पण हातानं बर्फ काढायचा साधा फ्रीझर स्वस्त पडतो, आणि लहान वाचनालयाला तोच बरा.

एक गोष्ट आधीच ठरवून टाकावी. या फ्रीझरमध्ये पाण्याच्या बाटल्या, सत्काराची आइस्क्रीम, कुणाच्या घरची मासळी जाणार नाही. एकदा सुरुवात झाली की झाकण उघडझाप थांबत नाही.

पिशवी, आणि पिशवीतली हवा

फ्रीझर भरायच्या एक दिवस आधी रिकामाच चालू करून सगळ्यात थंड खुणेवर ठेवावा. पुस्तकं कोरड्या ब्रशनं झाडून घ्यावीत. ओलसर लागत असतील तर आधी पंख्याखाली दोन-तीन दिवस ठेवून सुकवावीत. मग एकेक पुस्तक, किंवा पातळ असतील तर दोन-तीन मिळून, साध्या जाड पॉलिथिनच्या पिशवीत घालायची. हातानं दाबून हवा काढायची, तोंड दोनदा दुमडायचं आणि रुंद चिकटपट्टीनं पक्कं बंद करायचं. दुकानातली पिशवी फुंकून पाहिली की भोक आहे का ते लगेच कळतं.

पिशवी कशाला, असा प्रश्न हमखास येतो. हवा थंड झाली की तिच्यातली वाफ कशावर तरी बसते. पिशवीत हवा थोडी आणि कागद जास्त असेल तर ती चिमूटभर वाफ कागदच शोषतो आणि काही बिघडत नाही. उघडं पुस्तक मात्र फ्रीझरमधली सगळी वाफ आणि बर्फ अंगावर घेतं. पिशवीचा खरा उपयोग पुस्तक बाहेर काढताना होतो, ते पुढे.

पिशवीवर दाखल क्रमांक आणि तारीख आतून दिसेल अशी चिठ्ठी ठेवावी. बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी दवानं गळून पडते.

पुस्तकं ठासून भरायची नाहीत. कागद हा थंडीला अडवणारा पदार्थ आहे. शंभर पुस्तकांचा गठ्ठा बांधून ठेवला तर बाहेरची पुस्तकं तासाभरात गार होतात आणि मधली दोन दिवस कोमट राहतात. नेमकी तीच हळूहळू थंड होण्याची चूक होते. ३०० लिटरच्या पेटीत निम्मी जागा मोकळी सोडावी. मध्यम आकाराची शंभर-सव्वाशे पुस्तकं एका खेपेला पुरे. पिशव्या तळाच्या जाळीवर उभ्या ठेवाव्यात, दोन पिशव्यांत बोटभर फट असावी. एक खेप साधारण नऊ दिवस घेते: एक दिवस थंड होण्याचा, सात दिवस मुदतीचे, एक काढण्या-भरण्याचा. या हिशेबानं दोन हजार पुस्तकांचं वाचनालय पाच महिन्यांत पूर्ण होतं. घाई करून तीन महिन्यांत उरकायला गेलं तर काम अर्धं राहतं.

बाद पुस्तकातला थर्मामीटर

फ्रीझरच्या पुढच्या पट्टीवर उणे २२ दिसतंय म्हणून पुस्तक उणे २२ ला आहे असं नाही. तो आकडा हवेचा, तोही यंत्राच्या एका कोपऱ्यातल्या हवेचा.

यावर एक साधी युक्ती आहे. बाद झालेलं एक जाड पुस्तक घ्यायचं, त्याच्या कडेनं मधोमध ड्रिलनं भोक पाडायचं आणि वायर असलेल्या डिजिटल थर्मामीटरचं टोक त्यात खुपसायचं. असे थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतात. मग तेही पुस्तक इतरांसारखंच पिशवीत घालून, वायरीभोवती चिकटपट्टी गुंडाळून, ढिगाच्या बरोबर मध्ये ठेवायचं. वायर झाकणाच्या रबराखालून बाहेर काढायची. हा आकडा उणे २० ला पोचला की तिथून सात दिवस मोजायचे. फ्रीझर चालू केल्याच्या दिवसापासून नाही. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर मिळाला तर फारच चांगलं, रात्री काय झालं तेही कळतं.

शेजारी एक वही. सकाळी वाचनालय उघडताना आणि संध्याकाळी बंद करताना आकडा, वेळ आणि सही. दोन ओळींचं काम आहे, पण वही नसली की सातव्या दिवशी कुणालाच काही आठवत नाही.

वीज गेली तर

ग्रामीण भागात हाच मोठा प्रश्न. फ्रीझर गावठाण फीडरवर असला तरी वळवाच्या वाऱ्यात तार तुटली की सहा-आठ तास वीज नसते.

अशा वेळी पहिला नियम म्हणजे झाकण उघडायचं नाही. गच्च भरलेला आडवा फ्रीझर बंद झाकणानं एक-दोन दिवस गोठलेला राहू शकतो, अर्धा भरलेला त्याहून कमी. मोकळ्या जागेत पाण्यानं तीन-चतुर्थांश भरलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आधीच गोठवून ठेवल्या तर थंडीचा साठा वाढतो. या बाटल्या पुस्तकांबरोबर आत टाकायच्या नाहीत, रिकाम्या फ्रीझरमध्येच आधी गोठवायच्या.

वीज आल्यावर पुस्तकातला आकडा पाहायचा. उणे १८ च्या वर गेला नसेल तर मोजणी पुढे चालू. त्याच्या वर गेला असेल तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. इथं दयामाया नको. वितळून पुन्हा गोठल्यानं कागदाचं नुकसान होत नाही, अर्धवट थंडी सोसलेल्या किडीला मात्र सवलत मिळते.

कुणी वाटीत बर्फ करून त्यावर रुपया ठेवायचा उपाय सांगतात. रुपया बुडालेला दिसला तर मध्ये बर्फ वितळला होता. मासळीवाल्यांसाठी तो ठीक आहे. पुस्तकांच्या कामात तो अपुरा पडतो. उणे पाचलाही रुपया बर्फावर तसाच बसून राहतो आणि अळीही जिवंत राहते.

काढताना घाई नको

उन्हाळ्यात गार पाण्याची बाटली बाहेर ठेवली की तिच्यावर दव धरतं. गोठलेल्या पुस्तकाचंही तेच होतं. फरक इतकाच की दव पिशवीवर धरलं तर पुसून टाकता येतं, कागदावर धरलं तर कागद फुगतो, शाई पसरते आणि आठवड्यात बुरशी येते. म्हणून फ्रीझरमधून काढलेली पिशवी पूर्ण २४ तास बंदच ठेवायची. जाड पुस्तक असेल तर दीड दिवस. पिशवी बाहेरून कोरडी झाली आणि हाताला गार लागेनाशी झाली की मगच उघडायची.

गोठलेल्या अवस्थेत पुस्तक वाकवायचं नाही, आपटायचं नाही. खळ आणि सरस थंडीत ठिसूळ होतात, पुठ्ठ्याची कड सहज तुटते. पिशवी दोन्ही हातांनी, आडवी उचलावी.

उघडल्यावर मेलेल्या किड्या, भुगा, सगळं ब्रशनं साफ करावं. हे नुसतं स्वच्छतेसाठी नाही. मेलेल्या किड्यांवर दुसरे किडे जगतात. मग ते पुस्तक महिनाभर पांढऱ्या कागदावर वेगळं ठेवावं. कागदावर ताजा भुगा दिसला तर एक खेप पुन्हा.

काय घालू नये, आणि काय बरं होत नाही

छापील कागदी पुस्तकं, मासिकं, नोंदवह्या निर्धास्त घालाव्यात. काचेच्या फोटोप्लेटा, तैलचित्रं, ध्वनिमुद्रिका, कॅसेटी आणि सीडी घालू नयेत. हस्तलिखित पोथ्या, ताडपत्रं, रंगीत चित्रांच्या पोथ्या, चामड्याच्या बांधणीचे जुने ग्रंथ यांच्यावर गावात प्रयोग नको. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी आधी विचारावं.

बुरशी गोठवून मरत नाही, झोपते. बाहेर ओल मिळाली की पुन्हा जागी होते. वाळवीचं घर भिंतीत किंवा जमिनीत असतं, ते तसंच ठेवून पुस्तकं गोठवण्यात अर्थ नाही. आणि थंडीचा परिणाम पुस्तकावर राहत नाही. आज निर्जंतुक झालेलं पुस्तक उद्या किडक्या पुस्तकाशेजारी ठेवलं तर परवा त्यात अंडी.

म्हणून बायनेकी ग्रंथालयाचा तो शिरस्ता महत्त्वाचा. गावच्या वाचनालयात कीड बहुतेक वेळा देणगीतून येते. कुणी वाडा विकतं, कुणाचे वडील वारतात, आणि माळ्यावरची दोन ट्रंका पुस्तकं मोठ्या मनानं वाचनालयाला दिली जातात. ती त्याच दिवशी कौतुकानं दर्शनी कपाटात लावली जातात, आणि तिथंच चूक होते. देणगीचं पुस्तक दारातच थांबवावं, पिशवीत घालावं, फ्रीझरमधून न्यावं आणि मग दाखल करावं. जुना सगळा साठा गोठवायला पैसा आणि वेळ नसला तरी एवढं केलं तर कपाटं वर्षानुवर्षं शाबूत राहतात.

एकट्या वाचनालयाला फ्रीझर परवडत नसेल तर जवळच्या चार-पाच वाचनालयांनी मिळून एक घेणं शहाणपणाचं. दिवसाला साधारण दोन-तीन युनिट वीज लागते, तीही फक्त खेप चालू असताना.

यंत्राची निगा

पुस्तकांच्या फ्रीझरचं झाकण क्वचित उघडतं, त्यामुळे त्याला बर्फ कमी धरतो. तरी पावसाळ्यात भिंतींवर थर चढतोच. तो अर्ध्या सेंटिमीटरवर गेला की यंत्राला थंडी आत पोचवायला जास्त पळावं लागतं आणि बिल वाढतं. दोन खेपांच्या मध्ये फ्रीझर बंद करून, झाकण उघडं टाकून, खालचं भोक उघडून पाणी जाऊ द्यावं. सुरी, स्क्रू-ड्रायव्हर किंवा उलथण्यानं बर्फ खरवडायचा मोह टाळावा. त्या पत्र्यामागेच गॅसची नळी असते. नव्या फ्रीझरमध्ये बऱ्याचदा प्रोपेन किंवा आयसोब्युटेन हे पेट घेणारे वायू असतात. नळी फुटली तर फ्रीझर गेलाच, खोलीतही धोका. पाणी पूर्ण पुसून, आतला भाग कोरडा करूनच पुढची खेप भरावी.

झाकणाचं रबर दर महिन्याला तपासावं. दहा रुपयांची नोट रबरात अडकवून झाकण लावायचं आणि ओढायची. सहज निघाली तर तिथून थंडी गळतेय. बऱ्याचदा रबर नुसतं मळलेलं असतं, कोमट साबणपाण्यानं पुसलं की पुन्हा बसतं.

फ्रीझर भिंतीपासून वीतभर दूर, उन्हात नको, आणि जमीन सपाट. गरम हवा बाहेर टाकायच्या जाळीवर धूळ बसते. पुस्तकांच्या खोलीत तर बसतेच. दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून मऊ ब्रशनं झाडावी. जाळीमागे उंदीर वायरी कुरतडतात आणि मुंग्या रिलेत शिरतात, यामुळेही खूप फ्रीझर बंद पडतात.

व्होल्टेज वरखाली होणाऱ्या गावात स्टॅबिलायझर लागतोच. तोही वीज आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून चालू होणारा. वीज गेली-आली, गेली-आली असं झालं आणि कॉम्प्रेसर लगेच सुरू व्हायला गेला तर तो जळतो. आणि जोडणी भिंतीतल्या स्वतंत्र १६ अँपियरच्या प्लगवर असावी, अर्थिंग तपासलेलं असावं. पंखा, ट्यूब आणि झेरॉक्स मशीनच्या एक्स्टेन्शन बोर्डावर फ्रीझर लावायचा नाही.

पुराचं पाणी आत शिरलं तर

कीड हळू खाते. पूर एका रात्रीत खातो. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात, १८६४ सालापासूनच्या संस्थेत, पाणी शिरून हजारो पुस्तकं भिजली. २००५ मध्येही तिथं तेच झालं होतं. २०१९ च्या महापुराचा तडाखा सांगलीच्या नगर वाचनालयाला बसला. भिजलेल्या पुस्तकाला दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्या वेळात हजारो पुस्तकं पान-पान करून वाळवणं कुणालाच शक्य नसतं. मग लगदा उचलून टाकावा लागतो.

गोठवणं इथंही कामाला येतं, पण वेगळ्या कारणानं. भिजलेलं पुस्तक गोठवलं की घड्याळ थांबतं. बुरशी वाढत नाही, शाई पसरत नाही, गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना चिकटत नाहीत. मग सवडीनं, दहा-वीसच्या खेपांनी, काढून वाळवता येतं. १९८८ मध्ये लेनिनग्राडच्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथालयाला आग लागली, तेव्हा आगीपेक्षा ती विझवायच्या पाण्यानं जास्त पुस्तकं ओली झाली. त्यातली बरीच गोठवून ठेवण्यात आली.

मात्र वाचनालयाचा ३०० लिटरचा फ्रीझर या कामाला पुरत नाही, हे आधीच समजून घ्यावं. पाण्याचा बर्फ करायला प्रचंड थंडी खर्च होते. एवढा फ्रीझर दिवसाला जेमतेम पंधरा किलो ओला माल गोठवतो. अर्ध्या किलोचं पुस्तक भिजून पाऊण-आठशे ग्रॅमचं होतं. म्हणजे दिवसाला वीस पुस्तकं. तेवढ्यात सगळ्यात दुर्मिळ वीस निवडावीत. त्यांची यादी आधीच तयार असली तर बरं.

बाकीच्यांसाठी मोठं शीतगृह लागतं, आणि इथं नावावर जाऊन फसगत होते. तासगाव-सांगलीकडची बेदाण्याची कोल्ड स्टोरेज चार-पाच अंशांवर चालतात. बटाट्याचीही तशीच. तिथं ओलं पुस्तक गोठत नाही, फक्त बुरशीची चाल थोडी मंदावते. खरं गोठवणारे कारखाने म्हणजे मासळी प्रक्रियेचे, कोकणपट्टीत रत्नागिरीकडे आहेत ते, किंवा फळांचे तुकडे आणि आइस्क्रीम गोठवून साठवणारे. तिथं उणे १८ किंवा त्याहून खालचं तापमान असतं.

पुस्तकं तिथं न्यायची तर फळांच्या प्लॅस्टिक क्रेटमध्ये, पाठ खाली करून, एकाच थरात, सैल. चिखल धुवायला किंवा पानं सोडवायला बसायचं नाही. उघडं असेल तर उघडंच, मिटलेलं असेल तर मिटलेलंच, प्रत्येक पुस्तक पिशवीत किंवा प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून. खाण्याच्या मालाजवळ पुराच्या चिखलाची पुस्तकं ठेवायला मालक का तयार होईल, हा प्रश्न रास्त आहे. वेगळी खोली, जाड पिशव्या आणि ठरलेलं भाडं एवढं आधी बोलून घ्यावं लागतं. पाणी दारात आल्यावर ते बोलणं होत नाही, तेव्हा फोन लागत नाहीत आणि टेम्पो मिळत नाहीत. नदीकाठच्या वाचनालयानं जून उजाडायच्या आत अशा एका कारखान्याचा, एका टेम्पोवाल्याचा आणि क्रेट देणाऱ्या एका बागायतदाराचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा, आणि तो तळमजल्याच्या टेबलावर नाही, तर माडीच्या भिंतीवर.